उशाशी बसलेली मुले आणि आपली आत्मकथने

१९९१ साली माझी एक कथा एका अनियतकालिकात छापून आली. अनुभव घरातलाच होता. माझा धाकटा भाऊ १९८४ च्या हिवाळ्यात, वयाच्या नवव्या वर्षी, रक्ताच्या आजाराने गेला. कथेत माय होती. विड्या वळून पिवळी पडलेली तिची बोटे होती. बाप होता, रक्ताच्या बाटलीसाठी शहरभर फिरणारा. सरकारी दवाखान्याचा वऱ्हांडा होता आणि आमची वस्ती कोणती हे कळताच बोलण्याचा सूर बदलणारा तिथला एक कर्मचारी होता. कथेचा शेवट भाऊ मायच्या मांडीवर प्राण सोडतो असा होता. कथेचे बरे स्वागत झाले. आईचे चित्रण उत्कट आहे, व्यवस्थेवरचा संताप अस्सल आहे, असे दोघातिघांनी पत्रे पाठवून कळवले. मी सुखावलो.

पुष्कळ वर्षांनी तो अंक माझ्या थोरल्या बहिणीच्या हाती लागला. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. बाईने आठवीतून शाळा सोडलेली. तिने चष्मा लावून दुपारभर बसून कथा वाचली आणि म्हणाली, "चांगलं लिवलं, बाबू. पण याच्यात मी कुठी आहो?"

मी कथा पुन्हा चाळली. बाईच्या वाट्याला एक वाक्य आले होते. भाऊ जातो त्या वेळी 'बहीण पाणी आणायला गेली होती.' मी ते दाखवले. बाई शांतपणे म्हणाली, "मी पाणी आणाले नोती गेली. मी तिथंच होती. त्याचं डोकं माह्या मांडीवर होतं. माय तर घरी होती, विड्या द्याच्या होत्या ना ठेकेदाराले."

ती खरे बोलत होती. मला ते ठाऊक होते, लिहिताना सुद्धा ठाऊक होते. मग एका पंधरा वर्षांच्या मुलीची मांडी काढून घेऊन तिथे मायची मांडी मी का ठेवली? हा प्रश्न माझ्या एका कथेपुरता असता तर मी तो घरातच मिटवला असता. पण जसजसा विचार करू लागलो तसतसे वाटू लागले की हा आपल्या एकूण लेखनाला विचारण्याचा प्रश्न आहे. म्हणून हा लेख.

घरात एक मूल गंभीर आजारी पडले की बाकीची मुले एका रात्रीत मोठी होतात, असे आपण सहज म्हणून जातो. मोठी होतात म्हणजे नेमके काय होते हे आपण लिहीत नाही. आमच्या घरी जे झाले ते आधी सांगतो.

बाई पंधरा वर्षांची, मी तेरा वर्षांचा. भावाला थंडी सुरू झाली की हातापायांची हाडे दुखायची. डोळे पिवळे व्हायचे. रात्री तो किंचाळून उठायचा. वीट चुलीत तापवून, फडक्यात गुंडाळून त्याचे पाय शेकायचे, मग चेपायचे, हा एकच उपाय आम्हाला ठाऊक होता. तो उपाय बाई करायची. आजार वाढला तसे महिन्यातले आठ-दहा दिवस दवाखान्यात जाऊ लागले. माय दवाखान्यात असली की तिच्या वाट्याच्या विड्या बाई वळायची. माय घरी आली की बाई दवाखान्यात जायची. ठेकेदार खराब विड्या छाट म्हणून फेकायचा आणि त्यांचे पैसे कापायचा, म्हणून बाईला डुलक्या घेत वळण्याचीही सोय नव्हती. शाळेने काही महिने वाट पाहिली आणि मग हजेरीपटावरून तिचे नाव कमी केले. त्यासाठी घरात बैठक झाली नाही, वाद झाला नाही, कोणी निर्णय घेतला असेही नाही. माझे नाव हजेरीपटावर राहिले. त्याचीही चर्चा झाली नाही.

आणि मी? माझ्याविषयी मी कथेत लिहिले होते की मी रात्ररात्र जागा असायचो. ते खरे होते. पण जागा असून मी झोपेचे सोंग घ्यायचो. भाऊ पाणी मागायचा आणि बाई उठेपर्यंत मी डोळे मिटून पडायचो. त्याच्यासाठी रोज पावभर दूध आणि बिस्किटाचा पुडा यायचा. त्या दुधाचा मला हेवा वाटायचा. तो खाऊ शकला नाही तर उरलेली बिस्किटे मला मिळायची, म्हणून त्याची भूक मेलेली मला बरी वाटायची. सातवीत मी वर्गात पहिला आलो. गुणपत्रिका दाखवायला माणूस मोकळे नव्हते. मी ती दप्तरात तशीच ठेवली आणि त्याचा राग भावावर धरला. एका रात्री मनात आले की हा एकदाचा सुटला तर बरे. तो महिनाभरात गेला. माझ्या त्या विचारानेच तो गेला असे मी पुढे कित्येक वर्षे मानत होतो. हे मी कोणाला सांगितले नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला मुलगा, नवस आणि नजर लागणे न मानणारा, आणि मनात मात्र स्वतःचीच नजर भावाला लागली असे धरून बसलेला.

आता समीक्षकाच्या जागेवरून प्रश्न विचारतो. या सगळ्यातले काहीही कथेत का आले नाही? मेलेल्या ढोराचे मांस खाल्ल्याचे आम्ही लिहिले. उष्टे मागितल्याचे लिहिले. आईच्या, बहिणीच्या अब्रूवर झालेले घाले लिहिले. प्रस्थापित वाचक नाक मुरडेल याची पर्वा केली नाही. मग भावाच्या पावभर दुधाचा हेवा लिहायला हात का अडखळला?

मला तीन कारणे दिसतात. पहिले कारण आईच्या प्रतिमेचे. मराठी मनावर १९३५ च्या 'श्यामची आई'चा जो संस्कार आहे त्यातून आपणही सुटलेलो नाही. आपली माय वेगळी होती. ती शेण गोळा करी, विड्या वळी, शिव्या देई, प्रसंगी मारी. तरी तिला शब्दांत उभी करताना आपण नकळत तोच देव्हारा बांधला, फक्त मूर्तीला ठिगळाचे लुगडे नेसवले. त्या देव्हाऱ्यात मरणारे मूल आईच्याच मांडीवर असावे लागते. पंधरा वर्षांच्या पोरीची मांडी तिथे शोभत नाही.

दुसरे कारण भीतीचे. दारिद्र्याने माणूस उदात्त होतो अशी पांढरपेशांची एक लाडकी समजूत आहे. ती आपण नाकारली. पण घराच्या आत, भावाभावांत, दारिद्र्य माणसाला हिशेबी करते हे कबूल केले तर 'बघा, यांची मने अशीच' असे कोणी म्हणेल, ही धास्ती आपल्या लेखणीला राहिली.

तिसरे कारण सर्वांत अवघड आहे आणि ते मी स्वतःपुरतेच सांगतो. बाईला कथेत आणले असते तर मी कसा शिकलो हे सांगावे लागले असते. एका मुलाच्या आजाराने दुसऱ्या मुलाची शाळा गेली. घरात शाळा सुटू शकेल अशी दोन मुले होती. ती मुलीची सुटली. जो शिकला त्याच्या हातात लेखणी आली, आणि लेखणीने पहिली गोष्ट केली ती ही की जिने शिक्षण सोडले तिला पाणी आणायला पाठवून दिले.

या दृष्टीने मी आपली आत्मकथने पुन्हा वाचायला घेतली. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत आपल्या लेखनाने मराठीला जे दिले त्याचे मोल कमी करण्याचा हेतू नाही. त्या पुस्तकांनीच मला प्रश्न विचारायला शिकवले. पण वाचताना जाणवत राहते की घरातल्या आजारपणाचा प्रसंग आला की प्रकाश मायवर पडतो, दारिद्र्यावर पडतो, दवाखान्यावर किंवा भगतावर पडतो. भोवतीची अर्धवट वाढलेली पोरे अंधारात उभी असतात. कधीकधी निवेदक स्वतःच त्यांतला एक असतो, पण तो साक्षीदार म्हणून बोलतो, आपल्या मनात त्या वेळी काय चालले होते हे क्वचितच सांगतो.

प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी' (१९७९) मधला पोरका मुलगा थोरल्या बहिणीच्या आश्रयाने वाढतो. आईबाप गेल्यावर भावंडांतले नाते कसे ताणले जाते, आसरा देणाराही कसा लाचार असतो, हे तिथे फार संयमाने आले आहे. हे पुस्तक मला या विषयासाठी महत्त्वाचे वाटते, कारण त्यात बहीण ही सोय म्हणून येत नाही, परिस्थितीत सापडलेले माणूस म्हणून येते.

बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये पोतराजाच्या चालीचे वर्णन आहे. घरातला थोरला मुलगा देवीला वाहायचा. मी हा भाग पूर्वी अंधश्रद्धेचे चित्रण म्हणून वाचला होता. आता तो मुलांच्या बाजूने वाचतो. घरावर आलेल्या संकटाची किंमत घरातल्याच एका पोराने आयुष्यभर फेडायची, असा तो व्यवहार आहे. देवी, नवस, हळदकुंकू काढून टाकले तरी व्यवहाराचा सांगाडा उरतो. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या घरात देवी उरली नाही. पण १९८४ मध्ये बाईला दवाखान्याच्या वऱ्हांड्याला वाहिलेच होते. कोणी नवस बोलले नव्हते इतकेच.

उर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) मध्ये मुलाच्या मृत्यूचे दुःख आहे, आणि ते आयदाने विणणाऱ्या आपल्या आईच्या दुःखाशी लेखिकेने जोडले आहे. तिथे बोलणारी स्वतः आई आहे, तिचा तो अधिकार आहे. माझ्यासारख्या भावाने आईच्या वतीने बोलणे आणि आईने स्वतः बोलणे यांतला फरक त्या पुस्तकामुळे मला कळला.

आपल्या चळवळीच्या इतिहासातही एक जागा अशीच आहे. बाबासाहेबांचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. त्याआधी तीन लेकरे गेली होती. त्या दुःखात बाबासाहेबांनी मित्राला लिहिलेले पत्र आपण वाचतो, सभांमधून सांगतो, आणि रमाईंच्या दुःखाची गाणी गातो. ते योग्यच आहे. पण त्या घरात आणखी एक मूल होते. यशवंतरावांचा जन्म डिसेंबर १९१२ चा. म्हणजे राजरत्न गेला तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. पाच भावंडांतला एकटा उरलेला तो मुलगा. पुढे भारतीय बौद्ध महासभेची धुरा वाहणारे, चैत्यभूमीच्या उभारणीत पुढाकार घेणारे भय्यासाहेब आपल्याला ठाऊक आहेत. १९२६ मधल्या तेरा वर्षांच्या यशवंताचे वय मात्र मी स्वतः चाळिशी ओलांडेपर्यंत कधी मोजले नव्हते. मी त्याच्या मनात शिरून काही कल्पून लिहिणार नाही. वय मोजले पाहिजे, एवढेच म्हणतो.

हे साहित्यात जमतच नाही असे नाही. सत्यजित राय यांच्या १९५५ च्या 'पथेर पांचाली'त दुर्गा तापाने जाते. आईबापांचा आकांत आपल्याला दिसतो, पण चित्रपट तिथे थांबत नाही. तो लहानग्या अपूकडे वळतो. अपू एकटाच केस विंचरतो, छत्री घेऊन बाहेर पडतो. गाव सोडताना सामान आवरताना त्याच्या हाती एक माळ लागते. जिच्या चोरीच्या आळासाठी दुर्गेने मार खाल्ला होता तीच. तो ती तळ्यात फेकून देतो आणि शेवाळ पुन्हा मिटते. बहिणीची चोरी आणि बहिणीची अब्रू, दोन्ही तो एकटा सांभाळतो, कोणाला सांगत नाही. ते घर ब्राह्मणाचे आहे, त्या दारिद्र्यात अस्पृश्यता नाही, हे मी विसरत नाही. अपूला कोणी वऱ्हांड्यात सूर बदलून बोलले नसते. पण मरणाऱ्या मुलाच्या भावंडाकडे कसे बघावे हे त्या चित्रपटाला कळले होते. आपल्याला ते अधिक कळायला हवे होते, कारण आपल्या घरांत अशी भावंडे अधिक होती.

अधिक का होती, याचे एक कारण माझ्या भावाच्या रक्तात होते. दवाखान्यातल्या कागदावर लिहिलेला शब्द आम्हाला पुढे कळला: सिकलसेल. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून ती हाडफोडी वेदना. आईबाप दोघेही वाहक असले तर दर खेपेस मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक, वाहक निघण्याची चारात दोन. विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांत आणि गोंड, परधान अशा आदिवासींत हा आजार पुष्कळ आहे, कुणबी-तेली घरांतही आहे. ज्या मुलखात हिवताप माजला होता तिथे वाहकाला हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळे, म्हणून हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला. त्याचा शुद्ध-अशुद्धाशी काडीचा संबंध नाही. मध्य भारतातली या दोषाची नोंद १९५८ सालीच वैद्यकाच्या नियतकालिकात छापली गेली होती. त्यानंतर २६ वर्षांनी माझा भाऊ गेला, आणि तोवर माझे किंवा बाईचे रक्त कोणी तपासले नव्हते.

ते तपासले गेले बाई चाळिशीत असताना, वस्तीतल्या एका शिबिरात. बाई वाहक निघाली. मीही. ती कागदाकडे बघत म्हणाली, "मंग हे माह्याही रक्तात होतं, अन् मी त्याचे पाय चेपत होती." वाहक माणूस निरोगी असतो, हे तिला समजावले गेले. पण तिच्या वाक्यात जे होते ते समजावण्याने जाण्यासारखे नव्हते. आजारी भावाच्या शेजारी निजणाऱ्या पोरांना आतून एक भय असते: उद्या हे मला होईल काय? आणि दुसरा प्रश्न त्याहून वाईट: मला का झाले नाही? या दोन प्रश्नांत ती पोरे मोठी होतात.

आज परिस्थिती बदलली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलची नोंद झाली. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने २०४७ पर्यंत हा आजार निपटण्याची मोहीम सुरू केली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे लक्ष्य. वेदनेचे झटके कमी करणारी औषधे आहेत. लग्नाआधी दोघांनी तपासणीचे कार्ड पाहावे असे सांगितले जाते, आणि ते बरोबरच आहे. पण या मोहिमेत मोजला जातो तो रोगी आणि वाहक. आजारी मुलाची निरोगी बहीण, जी शाळेत कमी आणि दवाखान्यात जास्त असते, ती कोणत्या रकान्यात बसते? आणि उद्या तिच्या लग्नाची बोलणी होतील तेव्हा ती स्वतः वाहक आहे की नाही यापेक्षा तिच्या घरात आजारी भाऊ आहे हेच आधी विचारले जाईल. जातीने दिलेला डाग आपण पुसू पाहतो आणि रक्ताच्या कागदावरून नवा डाग आपल्याच वस्तीत तयार करतो, हा धोका खरा आहे.

एक आक्षेप मी ऐकला आहे. हे सारे घरगुती, मानसशास्त्रीय दुःख आहे. दलित साहित्याची बांधिलकी सामाजिक आहे, ते अशा हळव्या प्रश्नांत अडकले तर त्याची धार जाईल. मला हे पटत नाही. बाई पंधराव्या वर्षी दवाखान्यात रात्री का काढत होती? वॉर्डात आया आणि परिचारिका पुरेशा नव्हत्या म्हणून. मायला एक दिवसाची मजुरी सोडता येत नव्हती म्हणून. बापाला पगारी रजा नव्हती म्हणून. ज्या कामाचा पगार सरकारने कोणाला तरी द्यायला हवा होता ते काम एका शाळकरी मुलीने फुकट केले, आणि घराने ते तिच्याकडून करवून घेतले कारण ती मुलगी होती. यात जात आहे, वर्ग आहे आणि पुरुषसत्ताही आहे. यापेक्षा सामाजिक दुसरे काय असते? उलट तिला गाळून मायचा त्याग तेवढा रंगवला की प्रश्न हळवा होतो, वाचक डोळे पुसतो आणि पुस्तक मिटवतो.

दलित साहित्याच्या अस्सलपणाची कसोटी आपण नेहमी बाहेरच्या जगाकडे तोंड करून लावली: वेदना खरी आहे का, नकार खरा आहे का. या कसोटीला मला घरातली एक कसोटी जोडावीशी वाटते. लिहिणाऱ्याने आपल्या हातात लेखणी येण्यासाठी कोणाच्या हातातली पाटी गेली हे सांगितले आहे का? जिच्या मांडीवर जे घडले ते तिच्याच मांडीवर ठेवले आहे का? हेवा, कंटाळा, मरणाची इच्छा, नंतरचा अपराधभाव, ही तेरा-पंधरा वर्षांच्या मनाची सत्ये त्याने लिहिली आहेत का? ही कसोटी लावली तर माझी १९९१ ची कथा नापास होते. तिच्यातला संताप खोटा नव्हता, पण तो संताप सगळा बाहेर बघत होता. त्यामुळे घरातल्या अन्यायाला आडोसा मिळाला.

ती कथा मी आता पुन्हा लिहिणार आहे काय, असे एका तरुण मित्राने विचारले. मी दुरुस्त करून लिहिली तरी ती माझीच कथा राहील. बाईला मी एक वही आणून दिली आहे. ती म्हणते, अक्षर बिघडलं, हाताला विडीची सवय आहे, पेनाची नाही. तिने आतापर्यंत दीड पान लिहिले आहे. त्यात भाऊ अजून आजारी पडलेला नाही. तो तिच्या पाठीमागे शाळेच्या रस्त्याने पळतो आहे, आणि बाई सातवीत आहे.